आश्रुबामामांचं वंगण

दुकानात आलेल्या सायकलला काय झालंय, हे आश्रुबामामांनी गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही. कुणी सांगू लागलंच तर पंजा वर करून त्याला गप्प करायचे. मग मागचं चाक उचलून एक जोराचा गरका द्यायचे, चाकाकडे पाठ करायचे आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. चाक आपोआप थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बाजाराच्या दिवशी नेकनूरच्या त्या रस्त्यावर म्हशी, टेम्पो, भोंगे लावलेल्या रिक्षा असा सगळा गलका असे आणि हा माणूस त्यात एका चाकाचा आवाज ऐकत उभा. चाक थांबलं की वळून म्हणायचे, "उजवीकडचा कोन आवळलाय कुणीतरी. कशापायी आवळलाय?" कोन म्हणजे आसावरचा, चाक घट्ट-सैल करणारा नट. तो आवळणारा बहुतेक वेळा समोरच उभा असायचा.

मी बदली होऊन इथं आले त्या वर्षी माझी साधी लेडीज सायकल घेऊन त्यांच्याकडे गेले होते. मी शाळेत शिकवते. गप्प बसवायची मला सवय आहे, बसायची नाही. "चेन पडते," असं मी तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा तो काळा पंजा माझ्या तोंडासमोर आला. मला रागच आला. पण चाक थांबल्यावर त्यांनी पान्यानं कुठंतरी थोडंसं फिरवलं, "पाव फेरा. पुरे," म्हणाले, आणि ती चेन पुढं कधी पडली नाही. त्यानंतर मी त्यांच्या दुकानात गप्प बसायला शिकले.

पाव फेरा हा त्यांचा आवडता शब्द होता. ब्रेक सैल झाला तर पाव फेरा, गिअरची तार ओढून घ्यायची तर पाव फेरा. त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी, भाजीत मीठ कमी घातलं तरी ताटावरून आवाज यायचा, "पाव फेरा कमी हाय." माणसं हावरेपणानं आवळतात आणि मग आटा घालवून बसतात, असं त्यांचं एकूण माणसांबद्दलच मत होतं. त्यांच्या हातून काहीही जास्त होत नसे. अपवाद एकच, ग्रीस.

ग्रीसच्या बाबतीत हा माणूस हाताबाहेर जायचा. ट्रॅक्टरच्या दुकानातून आणलेला घट्ट ग्रीसचा डबा त्यांच्या उजव्या हाताशी असे. सायकलच्या चाकाच्या मधल्या हबला ते बैलगाडीच्या चाकासारखं तुंबा म्हणायचे. तुंबा उघडला की जुनं वंगण रॉकेलनं धुऊन काढायचं, छर्रे एकेक करून फडक्यावर मांडायचे, खराब निघालेले टाकायचे, आणि मग दोन बोटं बुडवून ग्रीस भरायचं. भरायचं म्हणजे भरायचंच, कडेनं बाहेर येईपर्यंत. "मामा, जास्त झालं," असं म्हणायची सोय नव्हती. "वंगण जास्त झालं म्हणून कुठलं चाक मोडलंय का?" असं विचारायचे आणि डबा पुन्हा पुढं ओढायचे.

त्यामागचं कारण सरूबाईंनी मला सांगितलं. तरुणपणी दोघं नवरा-बायको दर वर्षी ऊसतोडीला जायची, टायरची बैलगाडी घेऊन. एका हंगामात कारखान्याकडं जाताना उतारावर भरल्या गाडीचं बेअरिंग कोरडं पडून जाम झालं. गाडी कलली आणि आतल्या बाजूच्या बैलाचा पाय मोडला. त्याला तिथंच सोडून यावं लागलं. मामांनी त्यानंतर तोड सोडली आणि चाकाच्या धंद्यात आले. स्वतः ते याबद्दल एकच वाक्य बोलायचे. "कोरडं चाक बैलाला खातं."

माझे पती गणिताचे शिक्षक होते. गावात सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणायची. पन्नाशीत त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण नेकनूरमध्ये शिक्षकाला चालता येत नाही. दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवून पोराच्या मार्कांचं विचारतं. म्हणून सरांनी गिअरची सायकल घ्यायची ठरवलं, डोंगरात चालणारी, जाड टायरची. मांजरसुंब्याला जायचं, घाट उतरायचा आणि परत चढायचा, असा त्यांचा बेत होता. सरांचं वजन बघता मला तो बेत विनोदी वाटला होता, आणि तसं मी बोललेही होते.

सायकल निवडायला ते मामांना घेऊन बीडला गेले. मीही गेले, कारण या दोघांना एकत्र बाजारात सोडणं बरोबर नव्हतं. दुकानदार रंग दाखवत होता, गिअर किती आहेत ते सांगत होता. मामांनी दोन सायकली बाजूला काढल्या आणि दोन्हींची मागची चाकं फिरवून पाठ केली. दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी त्याला हळूच सांगितलं, थांबा.

एकीचं फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवला तरी चाक मोकळं फिरू देणारा भाग, जुन्या पद्धतीचं होतं, हबवर आट्यानं चढवलेलं. मामांना ती पसंत पडली. "खराब झालं तर फिरवून काढा, दुसरं बसवा. ही उघडती तरी." दुसरीला कॅसेट होती. तिच्यात मोकळं फिरणारं यंत्र हबच्याच पोटात असतं. सरांनी खिशातून पेन काढून दुकानातल्या खोक्यावर आकृती काढली. पहिल्या प्रकारात आसाला आधार फार आत मिळतो, वजनदार माणूस खड्ड्यातून गेला की आस वाकतो. दुसऱ्यात आधार कडेपर्यंत जातो. मामांनी आकृती बघितली, सरांच्या पोटाकडे बघितलं आणि मान हलवली. "हिशेब तुमचा बरोबर हाय, सर. पण ही बंद पेटी हाय. आत काय चाललंय मला दिसत न्हाई." सर म्हणाले, "तुम्ही आहात की, मामा." आणि दुसरी सायकल घेतली.

मग दर रविवारी सकाळी आमच्या अंगणात पोतं अंथरून दोघं बसायचे. दात घासायचे माझे जुने ब्रश चेन घासायला जायचे, आणि नवेही जायचे, त्यावरून भांडण व्हायचं. मामा चेन रॉकेलनं धुवायचे, कोरडी करायचे, एकेका कडीवर तेलाचा एकच थेंब सोडायचे आणि वरचं पुसून घ्यायचे. रिम दोन बोटांत धरून इकडेतिकडे हलवायचे, तुंब्यात खेळ, म्हणजे ढिलेपणा, आहे का बघायचे. गिअर टाकताना चेन अडखळली तर मागच्या तारेवरचा फिरवायचा मणी पाव फेरा. सर बाजूला बसून वहीत लिहून घ्यायचे. मला वाटतं सरांना घाटापेक्षा हा रविवारच जास्त आवडायचा. मामांनाही आवडत असावा. आमच्याकडचे पोहे खाताना ते मिठाबद्दल बोलत नसत.

सर रोज पहाटे निघायचे आणि उन्हं अंगणात यायच्या आत परतायचे. उतारावर पाय थांबवले की त्या सायकलच्या मागच्या चाकातून टिकटिक आवाज यायचा. गल्लीच्या तोंडाशी तो आला की मी चहा टाकायची.

एका पावसाळ्यानंतर तो आवाज बिघडला. चिखलपाणी आत गेलं होतं, मधूनच खरखर यायची. मामांनी चाक फिरवलं, पाठ केली, ऐकलं, आणि म्हणाले, "पेटी उघडावी लागंल." सरांनी त्यासाठी लागणारा पाना मागवून घेतला. मामांनी पूर्ण एक रविवार घालवला. आतली चकती काढली, केसाएवढ्या स्प्रिंगा निघाल्या, आणि तीन बारक्या खिट्ट्या निघाल्या. मिस्त्री लोक त्यांना कुत्री म्हणतात. पायडल पुढे मारलं की ही कुत्री उठून दातऱ्यांत अडकतात आणि चाक ओढलं जातं, पाय थांबवला की ती दबून मागं सरकतात. टिकटिक त्यांचीच. मामांनी सगळं लखलखीत धुतलं. मग डबा ओढला आणि कुत्र्यांच्या घरात दोन बोटांनी ग्रीस भरलं, कडेनं बाहेर येईपर्यंत. चाक बसवून गरका दिला. चाक फिरलं आणि कसलाच आवाज आला नाही. मामा पाठ करून उभे होते. वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. "आवाज गेला बगा, सर. आता ह्याला पाच वर्सं बगायचं काम न्हाई."

दोन दिवसांनी संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. सर मोबाइलवर काहीतरी बघत होते. म्हणाले, "अगं, त्या आतल्या भागात घट्ट ग्रीस घालत नाहीत म्हणे. पातळ तेल घालतात. ग्रीसनं कुत्री चिकटतात."

मी म्हटलं, "मग सांगा की मामांना."

"काय सांगू? अख्खा दिवस बसून केलंय बिचाऱ्यांनी. त्यांना काय वाटेल? पुढच्या वेळी उघडतील तेव्हा बघू."

"हो, तेही खरंच," मी म्हटलं आणि मेथी निवडत राहिले. आमच्यात मोठ्या माणसाला त्याच्या कामात चूक काढून दाखवत नाहीत. सरांनी वर्गात हजारो चुका काढल्या असतील, पण आश्रुबामामांची ही एक त्यांनी काढली नाही, मीही काढायला लावली नाही.

पौषातल्या एका सकाळी सर घाट चढत होते. कडाक्याची थंडी होती. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेले. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं नंतर सांगितलं की सायकलवाले सर उभं राहून पायडल मारत होते आणि एकदम खाली गेले, कुणी ओढल्यासारखे. त्यानं ब्रेक दाबला. दोन ट्रॉल्या मागं असताना दाबला तरी किती दाबणार. पंचनामा झाला. अपघात, असं लिहिलं. मीही तेच धरून चालले.

मी रडले नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही, लाजूनही सांगत नाही. तेराव्यानंतर शाळेत गेले आणि हजेरी घेतली. बायका म्हणाल्या, बाई घट्ट आहेत. मी घट्ट नव्हते. मला काही वाटतच नव्हतं. जेवताना तिखट लागत नव्हतं, थंडी वाजत नव्हती. लोक सरांच्या आठवणी सांगायचे आणि मी फळ्यावरचं बेरजेचं गणित बघावं तशी त्यांच्याकडे बघायची. सायकल चालवायची मी बंद केली आणि शाळेत पायी जाऊ लागले.

काही आठवड्यांनी पोलीस ठाण्यातून सरांची सायकल घरी आली. पुढचं चाक चेपलेलं, मागचं शाबूत. ती अंगणात पडली होती. मी मामांना निरोप धाडला की घेऊन जा, नीट करून कुणा गरजूला द्या. ते सकाळीच आले, उन्हं अजून यायची होती. पोतं अंथरलं. पुढच्या चाकाकडे त्यांनी बघितलंही नाही. मागचं उचललं आणि पायडल हातानं पुढे मारलं. पायडल फिरलं, चाक जागेवरच. परत मारलं. एकदा चाक ओढलं गेलं, पुढच्या वेळी पायडल नुसतंच गिरकी घेऊन आलं. या वेळी मामांनी पाठ केली नाही. खाली बसून त्यांनी पेटी उघडली.

मला दाखवलं. थंडीनं ग्रीस मेणासारखं झालं होतं आणि तिन्ही कुत्री त्यात दबून बसली होती. मामांनी एकाला नखानं उचललं. ते परत हळूच आत गेलं.

"बाई," ते म्हणाले, "ही चूक माझी हाय. सर चढाला उभं ऱ्हायले आसतील, सगळा भार पायावर, आन् पाय मोकळा गेला. टॅक्टरवाल्याचं काय न्हाई ह्यात."

मी म्हटलं, "बरं."

ते वाट बघत राहिले. मी विचारलं, "चहा टाकू का?"

चहा न घेताच ते गेले. नंतर मला कळलं की त्याच दिवशी ते पोलीस ठाण्यात गेले होते, हबचे तुकडे फडक्यात बांधून, आपली चूक लिहून घ्या म्हणून. तिथल्या जमादारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, कागद झालेत सगळे. घरी जा, आराम करा."

माझ्याकडे एक वाक्य होतं. सरांना माहीत होतं, हे ते वाक्य. ते मी त्या सकाळी बोलले असते तर त्या माणसाच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं असतं. मला ते कळत होतं. पण ते बोलायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं. बोललं की आपल्यालाही काहीतरी वाटू लागेल अशी भीती होती, असं आता म्हणता येतं. तेव्हा मी फक्त चहाचं विचारलं.

मामांनी गिअरच्या सायकली घेणं बंद केलं. कुणी आणली तर, "बीडला न्या, मला जमत न्हाई," म्हणायचे. पंक्चर काढायचे, हवा भरायचे. ग्रीसचा डबा दुकानातून गेला. आणि मी शाळेत जाताना दुकानासमोरून निघाले की हातातलं काम ठेवून ते उठून उभे राहायचे. बोलायचे नाहीत, हात जोडायचे नाहीत. मी पुढे जाईपर्यंत नुसते उभे. परत येताना पुन्हा तेच. गिऱ्हाइकं बघायची. मी सरळ समोर बघून चालायची. असं दीड वर्ष चाललं. दुसरा रस्ता होता, जरा लांबचा. काही दिवस मी त्यानं गेले, पण दुकानावरचा रस्ता मला सोडताही आला नाही.

मग मामांच्या गुडघ्यांनी दगा दिला. एका दुपारी सरूबाई शाळेत आल्या. व्हरांड्यातच उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

"बाई, एक मागणं हाय. तुमी त्या रस्त्यानं येऊ नका. न्हाईतर त्यान्ला एक शब्द तरी बोला. शिव्या द्या, काय बी बोला. गुडघं गेल्यात त्यांचं. भित्तीला धरून उठत्यात. काल पडले."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"तुमी बगतच न्हाई तर कसं म्हाईत हुईल?"

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. पदर सारखा करून निघून गेल्या.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. मला येताना बघून मामांनी भिंतीला हात घातला. मी भरभर जाऊन त्यांच्या शेजारच्या खोक्यावर बसले, म्हणजे त्यांना उठायची गरज पडू नये. जवळून बघितलं तर ते फारच थकले होते. बोटांच्या चिरांमधला काळेपणा गेला होता. तो हात मला ओळखीचाच वाटेना.

मी म्हटलं, "मामा, सरांना माहीत होतं. त्यांनी वाचलं होतं की तिथं ग्रीस चालत नाही. तुम्ही काम केलं त्यानंतर दोनच दिवसांनी. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत. म्हणजे चूक तुमच्या एकट्याची नाही."

हे सांगितलं की त्यांना हलकं वाटेल, अशी माझी समजूत होती. मामांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. एक टेम्पो गेला, मग एक मोटारसायकल.

"आन् तुमाला?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं.

"मलाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मी ऐकलं असतं, बाई."

 त्यांनी आयुष्यात ग्रीसबद्दल कुणाचं ऐकलं नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण त्यांना समोर बसवून, हे असं असं आहे मामा, असं कुणी कधी सांगितलंही नव्हतं. आम्ही त्यांना चिडवलं, त्यांची कौतुकं सांगितली, त्यांना पोहे खाऊ घातले. ऐकण्याची संधी मात्र दिली नाही. सरांची आकृती बघून त्यांनी बीडच्या दुकानात मान हलवली होती, हे मी स्वतः पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले. दुकानासमोर आले तेव्हा मामा एका ट्यूबला पॅच चिकटवत होते. त्यांनी मान वर करून मला बघितलं. उठले नाहीत. परत ट्यूबकडे बघू लागले.

मी शाळेत गेले, हजेरीपट उघडला आणि पहिलं नाव वाचता आलं नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. दीड वर्ष मी ज्याची वाट बघत होते आणि ज्याला भीतही होते, ते आलं होतं. सरांचा भयंकर राग आला होता मला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी मला धरून ऑफिसात नेऊन बसवलं.

मामा त्यानंतर चार महिने होते. रोज मी जायची, ते बघायचे आणि बसून राहायचे. त्यांनी मला माफ केलं होतं की माझ्यासाठी उठणं आता त्यांना गरजेचं वाटत नव्हतं, हे मी त्यांना विचारलं नाही.